गेम, गेमचे ग्रुप आणि घरातली झोप



वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की पूर्वी माता-भगिनी रक्तदाब, साखर, पाळीच्या तक्रारी विचारायच्या. आता त्याआधी एक प्रश्न येतो. "ताई, पोरगं रात्रभर मोबाईल सोडत नाही. गेम खेळतंय म्हणे. काय करावं?"

या प्रश्नावर मी उलट एक प्रश्न विचारते. तो गेम किती वेळ खेळतो आणि गेमबद्दल वाचण्या-बघण्यात किती वेळ घालवतो? बहुतेक घरांत याचे उत्तर कोणालाच माहीत नसते, खुद्द मुलालाही नसते. आजचा पाठ त्यावरच आहे. गेमला एक शेवट असतो. मॅच संपते. पण गेमच्या ग्रुपला शेवट नसतो. त्यामुळे त्याची वेळ आपणच ठरवावी लागते.

१. आधी समजून घेऊ : मुलं नेमकं करतात काय?

वस्तीतली मुलं मुख्यतः फ्री फायर मॅक्स, बीजीएमआय, लुडो, क्रिकेटचे गेम खेळतात. फ्री फायरची एक मॅच साधारण दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. त्यात पन्नासेक खेळाडू असतात. बीजीएमआयमध्ये शंभरपर्यंत खेळाडू असतात आणि शेवटपर्यंत टिकलात तर अर्धा तास जातो. हे गेम इंटरनेटवर, दुसऱ्या माणसांसोबत चालतात. टीव्हीवरचा सिनेमा थांबवावा तशी चालू मॅच थांबवता येत नाही. मध्येच उठले तर सोबतचे तिघे अडकतात. म्हणून आई "जेवायला ये" म्हणते तेव्हा "आलो, आलो, एवढी मॅच" असे उत्तर येते. तो दर वेळी खोटे बोलत असतो असे नाही.

दुसरा भाग मॅचच्या बाहेरचा. प्रत्येक टोळक्याचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. मोठे ग्रुप टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर असतात. यूट्यूबवर चांगले खेळाडू तासन्‌तास लाइव्ह खेळून दाखवतात आणि खाली हजारो पोरं एकाच वेळी लिहीत असतात. नवीन बंदूक कोणती आली, कोणता इव्हेंट कधी संपणार, फुकट बक्षिसाचा कोड कुठे मिळेल, स्पर्धा कधी आहे, कोण कोणावर रागावला, हे सगळे तिथे चालते.

याची चांगली बाजूही मान्य केली पाहिजे. ज्या पोराला वर्गात कोणी विचारत नाही, त्याला ग्रुपमध्ये "भाऊ, ही सेटिंग कशी करायची?" म्हणून विचारतात. तिथे त्याच्या शब्दाला मान असतो. नवे इंग्रजी शब्द कानावर पडतात, दूरचे मित्र मिळतात. काही जण तिथूनच व्हिडिओ बनवणे, एडिटिंग शिकतात. हे आपण समजून घेतले नाही आणि नुसते "गेम वाईट" म्हणत राहिलो, तर मूल आपले ऐकणार नाही.

२. सुटत का नाही?

मनाचा कमकुवतपणा हे याचे कारण नाही. गेमची रचनाच परत बोलावण्यासाठी केलेली असते. रोज हजेरी लावली तर बक्षीस मिळते, एक दिवस चुकला की साखळी तुटते. इव्हेंट ठरावीक दिवसच असतो. बक्षिसाचे कोड थोड्या वेळात बाद होतात. "आपण बघितलं नाही आणि तेवढ्यात काही निघून गेलं तर?" ही धास्ती मुलाला दर पाच मिनिटांनी मोबाईल उघडायला लावते. त्यात बहुतेक टोळकी रात्री दहा-अकरानंतर जमतात, कारण कारखान्यातून, दुकानातून, क्लासमधून सगळे तेव्हाच मोकळे होतात. बारा वाजता कोणी उठून गेला तर "पळाला" म्हणून चिडवतात.

सोलापूरच्या उन्हाची यात भर पडते. मार्च सरला की दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. दहा बाय दहाची खोली, आई सुपात विड्यांचे पान-तंबाखू घेऊन बसलेली, वडील टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर. मुलाने कुठे जायचे? मोबाईल हाच त्याचा कोपरा होतो.

३. शरीरावर काय परिणाम होतो?

झोप : पहिला आणि मोठा घाव इथे बसतो. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास, १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास आणि मोठ्या माणसाला किमान ७ तास झोप लागते. आता हिशोब करा. दहावीतला मुलगा साडेबाराला झोपला आणि सहाला उठला, तर साडेपाच तास झाले. आठ तास धरले तरी रोज अडीच तास कमी. आठवड्याला साडेसतरा तास, म्हणजे दोन अख्ख्या रात्रींपेक्षा जास्त झोप बुडाली. मग वर्गात डुलकी लागते, पाठ केलेले आठवत नाही, लहानसहान गोष्टीवर चिडचिड होते. पुष्कळदा आपण "गेममुळे पोरगं रागीट झालं" म्हणतो, पण त्यात झोप न झाल्याचा राग किती, हे तपासतच नाही. एका खोलीत सगळे झोपत असतील तर त्या उजेडाने आणि आवाजाने घरातल्या लहानग्याची आणि कामावरून आलेल्या बाईचीही झोप मोडते.

डोळे : पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोके दुखते. वाढत्या वयात जवळचे पाहणे फार आणि बाहेरच्या उजेडात फिरणे कमी, यामुळे लांबचे अंधुक दिसू लागण्याचा धोका वाढतो. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. खोलीत २० फूट जागा नसेल तर दारात उभे राहून गल्लीच्या टोकाकडे पाहावे. मॅच संपली की हे करायचे, असे ठरवून घ्यावे.

मान, अंगठा, पोट : मान वाकवून तासभर बसल्याने मान आणि खांदे धरतात, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. जेवताना मोबाईल असला की किती खाल्ले ते कळत नाही. कोणी उपाशी राहतो, कोणी कुरकुरे-वेफर्सवर रात्र काढतो. ५ ते १७ वयाच्या मुलाच्या शरीराला रोज सरासरी एक तास धावपळ हवी असते. ती गेमने होत नाही.

जीव : मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत रेल्वे रुळालगत पबजी खेळण्यात गुंतलेले दोन तरुण रेल्वेखाली सापडून गेले. आपल्याकडेही कित्येक वस्त्या रुळाला लागून आहेत. रूळ, रस्ता, गच्चीचा कठडा आणि दुचाकी, या चार ठिकाणी कानात हेडफोन आणि हातात गेम नको. हा नियम लहान-मोठ्या सगळ्यांना लागू आहे.

४. आवड, अति सवय आणि आजार

प्रत्येक खेळणारा मुलगा आजारी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या यादीच्या ११ व्या आवृत्तीत गेम खेळण्याच्या विकाराची नोंद केली आहे. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत.

पहिली : कधी सुरू करायचे, किती वेळ खेळायचे, कधी थांबायचे, यावर ताबा राहत नाही.
दुसरी : अभ्यास, काम, जेवण, माणसे या सगळ्यांपेक्षा गेमला जास्त महत्त्व येते.
तिसरी : नुकसान होते आहे हे दिसत असूनही खेळणे चालूच राहते किंवा वाढते.

या खुणा साधारण १२ महिने दिसल्या आणि त्यामुळे शिक्षण, काम, नाती यांचे मोठे नुकसान झाले, तरच डॉक्टर आजार म्हणतात. त्रास फार तीव्र असेल तर त्याआधीही निदान होऊ शकते. सुट्टीत चार दिवस जास्त खेळला म्हणून मुलाला "व्यसनी", "वेडा" म्हणू नका. असा शिक्का बसला की तो लवकर पुसला जात नाही. पण शाळा-कॉलेज सुटत चालले, अंघोळ-जेवण टळू लागले, मोबाईल घेतल्यावर तोडफोड होऊ लागली, घरातले पैसे नाहीसे होऊ लागले, तर वर्षभर वाट पाहत बसू नका.

५. खेळणाऱ्या मुला-मुलींसाठी सवयी

तरुण मित्र-मैत्रिणींनो, हा भाग तुमच्यासाठी आहे. गेम सोडा असे यात कुठेही म्हटलेले नाही.

१) मिनिटे ठरवू नका, मॅच ठरवा. "आज तीन मॅच" असे खेळायला बसण्यापूर्वी घरात सांगून टाका. तिसरी संपली की ॲप बंद. घरच्यांनीही चालू मॅचमध्ये मोबाईल ओढायचा नाही.

२) ग्रुप दिवसातून एकदाच वाचा. संध्याकाळी २० मिनिटे पुरतात. वरून खाली सगळे मेसेज वाचायची गरज नाही. खरोखर महत्त्वाची बातमी दुसऱ्या दिवशीही ग्रुपमध्ये फिरतच असते.

३) सगळे गेम-ग्रुप म्यूट करा. व्हॉट्सॲपमध्ये 'नेहमीसाठी' म्यूट करता येते आणि ते कोणाला कळत नाही. गेमच्या ॲपची नोटिफिकेशनही सेटिंगमधून बंद करा. मोबाईल तुम्हाला हाक मारणार नाही. तुम्ही ठरवाल तेव्हा तो उघडाल.

४) दहा ठिकाणी नको, दोनच ठिकाणी राहा. एक तुमच्या ओळखीच्या मित्रांचा ग्रुप आणि एक बातमीसाठी. बाकीच्यांतून बाहेर पडा.

५) लाइव्ह बघायचे असेल तर दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग बघा. लाइव्ह रात्री उशिरा चालते, रेकॉर्डिंग पुढे सरकवता येते.

६) झोपेच्या एक तास आधी सगळे बंद. टोळक्याला एकदाच सांगून टाका, "मी दहापर्यंतच." दोन दिवस चिडवतील, तिसऱ्या दिवशी वेळ बदलतील. कदाचित आणखी दोघे तुमच्यासोबत उठतील.

७) खरे नाव, शाळा, वस्ती, फोटो आणि मोबाईल नंबर अनोळखी ग्रुपमध्ये देऊ नका. "फुकट डायमंड" म्हणणाऱ्या लिंकवर आपला पासवर्ड टाकू नका. ओटीपी कोणालाही सांगू नका. आणि पक्के लक्षात ठेवा, पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

८) शिव्या, जातीवरून टोमणे, मुलींना घाणेरडे मेसेज, असे जिथे चालते तो ग्रुप सोडा. सोडण्यापूर्वी स्क्रीनशॉट काढा, घरात किंवा विश्वासाच्या ताईला-दादाला दाखवा. ही चुगली होत नाही.

६. घरातल्या मोठ्यांसाठी

मारून, मोबाईल आपटून, रिचार्ज बंद करून प्रश्न मिटत नाही. मूल शेजारच्या मोबाईलवर, नाक्यावरच्या वायफायवर खेळते आणि घरापासून लपवायला शिकते. सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी घातली, १४ फेब्रुवारी २०२२ रोजी फ्री फायरवर घातली. मुलं त्याच धाटणीच्या दुसऱ्या गेमवर गेली. बंदीने खेळाचे नाव बदलले, वेळ कमी झाली नाही. मे २०२३ मध्ये बीजीएमआय परत सुरू झाला तेव्हा १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा ठेवल्याचे सांगितले गेले. शाळा, क्लास, घरकाम असलेल्या मुलासाठी तीन तासही फारच झाले. आपल्या घराची मर्यादा आपणच बसून ठरवायला हवी.

ती अशी ठरवा. मूल शांत असताना बोला, मॅच चालू असताना नको. रात्री घरातले सगळे मोबाईल एकाच जागी, देवळीत किंवा फळीवर, चार्जिंगला लावायचे. 'सगळे' म्हणजे बाबांचाही. बाप अंथरुणात पडून रील बघतो आणि पोराला झोप म्हणतो, हे पोर ऐकणार नाही. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' नावाचा भाग असतो. कोणत्या ॲपवर किती वेळ गेला ते तिथे दिसते. ते मुलासोबत बसून बघा, त्याच्या पाठीमागे नको.

मुलींबद्दल वेगळे बोलावे लागेल. पुष्कळ घरांत मुलगा मध्यरात्रीपर्यंत खेळतो आणि मुलीच्या हातातून मात्र अभ्यासाचाही मोबाईल काढून घेतात. तिला कोणी वाईट मेसेज पाठवला तर ती सांगत नाही, कारण सांगितले की मोबाईल जाईल आणि कदाचित शाळाही सुटेल. चूक पाठवणाऱ्याची आणि शिक्षा मुलीला, हे आपल्या घरात तरी होऊ नये. मुलाला आणि मुलीला नियम एकच असावा. "काहीही झालं तरी आधी मला सांग, मी तुझा मोबाईल काढून घेणार नाही," एवढे वाक्य आईने मुलीला आजच सांगावे.

लहान बाळाला भरवताना, विड्या वळताना गप्प बसवायला मोबाईल देऊ नका. दोन वर्षांखालील बाळाला पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणि मोबाईल घेतलात तर हाताला दुसरे काहीतरी द्या. ऊन उतरल्यावर कबड्डी, क्रिकेट, लेझीम, विहारातली अभ्यासिका. जयंतीच्या लेझीम पथकात हीच मुलं तासन्‌तास थकत नाहीत. तो सराव एप्रिलपुरताच का ठेवायचा?

७. पैशाचा खेळ ही वेगळी गोष्ट आहे

रमी, पैसे लावून लुडो, क्रिकेटवर संघ लावणे, रंगाचा अंदाज सांगणे, यांना गेम म्हणू नका. पैसे लावले की तो जुगार आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाने अशा ॲपवर दीड कोटी रुपये जिंकल्याची बातमी घरोघरी पोचली. पुढे त्याला निलंबित केले, ही बातमी तितकी पोचली नाही. आणि जे रोज शंभर-दोनशे हरतात त्यांची तर बातमीच होत नाही. म्हणून आपल्याला वाटते की सगळे जिंकतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, त्यांची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. त्यामुळे पैसे गमावलेल्या मुलाने किंवा नवऱ्याने घरात सांगायला घाबरू नये. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले. पण ग्रुपमध्ये लिंक पाठवून उतरवायला लावलेली ॲप येतच राहतात. गेमच्या ग्रुपवर वेळ जास्त जाण्याचा हा दुसरा धोका. मूल गेमच्या बातमीसाठी जाते आणि तिथे कोणीतरी त्याला 'कमाई'चा रस्ता दाखवतो.

भगवान बुद्धांनी सिगालाला गृहस्थाचे आचरण सांगताना जुगाराचे सहा तोटे मोजून दाखवले. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा हळहळत राहतो, हातचे धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ मानतात, सोयरीक जुळत नाही. हे सहाही तोटे आज कर्जात बुडालेल्या घरात जसेच्या तसे दिसतात.

साध्या गेममधली खरेदीही मोजा. 'डायमंड', कपडे, बंदुकीचे रंग यावर आठवड्याला ८० रुपये गेले तर वर्षाला ४,१६० रुपये होतात. विड्या वळून ते मिळवायला किती दिवस बसावे लागते, हा हिशोब आईने मुलासमोर मांडावा. रागाने नको, वही घेऊन. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती चालू करा. आईचा यूपीआय पिन आईलाच माहीत असावा.

८. मदत कुठे मिळेल?

टेलिमानस, १४४१६ : मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते.

१९३० : ऑनलाइन पैसे गेले तर लगेच या नंबरवर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

१०९८ : मुला-मुलींना कोणी त्रास देत असेल, फोटोवरून धमकावत असेल तर.

सोलापुरात शासकीय रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभाग आहे. तिथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो तसेच हे आहे. मूल "जगून काय उपयोग" असे बोलले, एकदम गप्प झाले, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

घरी करायचा अभ्यास

एक वही घ्या आणि सात दिवस ती भरा. रोज चार आकडे लिहायचे : गेम किती वेळ, ग्रुप आणि व्हिडिओ किती वेळ, झोप किती तास, बाहेर खेळणे किती वेळ. मुलाने स्वतःचे लिहावे, आई-बाबांनी आपल्या मोबाईलचे लिहावे. समजा, एका मुलाची वही अशी निघाली : गेम १ तास, ग्रुप आणि व्हिडिओ ३ तास, झोप ६ तास, बाहेर शून्य. तर त्याचा गेम बंद करायची गरजच नाही. ग्रुपचे तीन तास अर्ध्या तासावर आणले की झोपेचे दोन तास परत मिळतात आणि अर्धा तास मैदानासाठी उरतो.

रविवारी वंदनेनंतर विहारात या प्रश्नांवर चर्चा करा.

१) आपल्या घरात सर्वांत उशिरा मोबाईल कोण ठेवतो?
२) मुलीला आणि मुलाला मोबाईलचा नियम एकच आहे का?
३) रात्री दहानंतर गेम नाही, असे वस्तीतल्या सगळ्या मुलांनी मिळून ठरवले तर कोणाला "पळाला" म्हणून चिडवले जाईल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनाच शोधू द्या. एकट्या मुलाला टोळके सोडवत नाही, पण सगळ्या टोळक्याने मिळून वेळ बदलली तर कोणालाच काही सोडावे लागत नाही.